पाच पावलं

खाणीत पाणी भरलं ते आमच्या जन्माआधी.
काकतीच्या माळावर, क्रशर बंद पडला त्या साली,
खाली झरा लागला म्हणं,
मुकादम पंप तिथंच टाकून गेला.
त्या पाण्यात भरमाणी उताणा पोहायचा.

उताणाच का, तर पालथं पोहलं की
तळातला तो पंप दिसायचा त्याला,
"माणूस बसल्यागत दिसतंय लेका."
म्हणून आभाळाकडं तोंड केलं त्यानं
आणि आमच्या सगळ्यांच्या पुढं गेला.

उताण्याला भिंत दिसत नाही.
दोनदा डोकं आपटलं, तिसऱ्यांदा टाके पडले,
तेव्हा मी दोरी बांधली,
अलीकडच्या बाभळीपासून पलीकडच्या खांबापर्यंत,
तिच्यावर चिंध्या:
आईच्या इरकलीचा काठ, मंडपाची झालर,
माझी मागं विरलेली खाकी चड्डी.
भिंतीपासून पाच मीटर लागतात, कुणीतरी सांगितलेलं.
टेप कुठली आणणार?
पाच पावलं मोजली मी. अकरा वर्षांचा होतो.
"चिंध्या गेल्या की चार हात, मग भिंत."
चार हात, मग भिंत.
पावसाळे गेले, चिंध्या बदलल्या,
चार काही बदलले नाहीत.

पुढं गोवावेसच्या तलावावर हुक्केरी सरांनी उचलला त्याला.
"म्याल नोड," म्हणायचे, वर बघ,
मागं वळून बघितलंस की मान बुडते, मान बुडली की माणूस.
एकच खोड काढायला दोन वर्षं गेली त्यांची.
हा पोरगा शेवटी एक हात कमी मारतो, म्हणायचे,
कुठं शिकला कोण जाणे.
मी कठड्याला टॉवेल घेऊन उभा असायचो.
बोललो नाही.

मग ती परदेशातली स्पर्धा, साऱ्या खेळांची, साऱ्या देशांची.
आमची उद्यमबागेतली रात्रपाळी,
मोल्डिंगच्या पेटीवर टेकवलेला मोबाईल,
भट्टी तापायला अजून अर्धा तास.
सांगणाऱ्यानं नाव पार चिरडलं त्याचं,
पण सातव्या लेनमधला तो डावा खांदा
जरा उशिरा बाहेर येणारा,
तो मी अंधारातही ओळखला असता.

पन्नासला तिसरा.
शिवप्पा पेटीवर मूठ आपटून ओरडायला लागला,
"होडी! होडी!"
त्याच्या भाषेत मार, माझ्या भाषेत नाव,
आणि त्या घटकेला भरमाणी दोन्ही होता.

मग पताका आल्या.
नव्या कोऱ्या, त्रिकोणी, सारख्या अंतरावर.
दम संपला की माणूस शिकवलेलं विसरतो,
आधीचं तेवढं उरतं.
एक. दोन. तीन. चार.
हात मागं ताणला त्यानं, बोटं उघडली,
आणि भिंत नव्हती.
मधे पाणी होतं थोडं.
तेवढंच पाणी, माझ्या अकराव्या वर्षाच्या पावलांत
कमी पडलेलं.

नववा. आठ जण फायनलला जातात.
"दमलं बघ पोरगं," कुणी म्हणालं.
"नशीब," दुसरा.
मी मोबाईल खिशात घातला, हातमोजे चढवले.
त्या रात्री ओतलेले चार साचे वाया गेले.

सत्काराला दोन बॅनर होते, दोन भाषांत,
नववा हा आकडा दोन्हींत नव्हता.
शाली घडी करून तो म्हणाला, "खाणीवर जाऊया."

दुकानातून टेप नेली होती मी.
तो पाण्यात उतरेपर्यंत मोजून घेतलं:
चार मीटर, वर दहा सेंटीमीटर.
"भरमाणी," मी म्हणालो, "दोरी सरकवतो जरा."
पाण्यात उताणा, डोळे मिटलेले,
कान बुडालेले, तरी त्याला ऐकू गेलं.
"ठावं हाय मला," म्हणाला,
"सरांनी पयल्याच म्हैन्यात टेप लावली हुती हितं."
थोडा वेळ नुसता तरंगला.
"ऱ्हाऊ दे की. हितं चारच लागतात."

आणि निघाला.
चिंध्यांखालून गेला, चौथा हात दगडावर पडला, ठक्क.
माझ्या हातातली टेप
आपसूक सरसरत आत गेली.